नरसिंहाच्या गावात बनाजीला दिलेली माती

बनाजीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे टायर बदलणं. जोशीमठचा ट्रान्झिट कॅम्प, सकाळचे साडेपाच. गाडी माझी, थ्री-टनर, म्हणजे तीन टनी फौजी ट्रक. मागचं आतलं टायर रात्रीत बसलं होतं. मी जॅक लावला, त्यानं नट सोडले. थंडीनं बोटं वळत नव्हती. त्याच्या हातून एक नट पडला. गाडीखाली चाचपडत तो म्हणाला, "दाम्या, गाडी तुझ्यावरच गेली रे. एकदा बसली का उठाचं नावच नाय."

मी शिवी दिली. सहा वाजता टायर चढलं. हात रॉकेलनं धुतले आणि देवळाकडे निघालो.

मी ओव्याचा. पनवेल तालुका. आता तिकडं इमारती झाल्यात, तेव्हा शेती आणि मिठागरं. बाप मिठागरावर होता. मी चौथीपर्यंत शिकलो, मग फौजेत गेलो आणि ड्रायव्हर झालो. बनाजी तळोजकर पनवेल शहरातला, इस्रायल आळीतला. ही माणसं आमच्यासारखीच मराठी बोलतात, साडी नेसतात, भाकर खातात. पण देव त्यांचा एकच, त्याला मूर्ती नाही. शनिवारी काम बंद. पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, म्हणून आमच्याकडे जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. पनवेलमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. जोशीमठला सांगावं लागलं. त्याचीच ही हकिगत.

हे मी आजवर लिहिलं नाही. गरज नव्हती. बायको होती, पारू. वर्षातून एक दिवस ती बनाजीचा विषय काढायची. आम्ही दोघं बसून बोलायचो आणि उठायचो. गेल्या पौषात ती गेली. आता हा विषय काढणारं घरात कोणी नाही. म्हणून वही घेतली.

चीनची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. आमची प्लाटून जोशीमठहून वरच्या डेपोला माल न्यायची. आटा, रॉकेल, डाळ, बूट, तारेची बंडलं. रस्ता नवा, कच्चा आणि एका गाडीपुरता. त्यामुळे गेट. सकाळी आठला गेट उघडणार, गाड्या वर जाणार. दुपारी वरून खाली येणार. गेट चुकलं तर दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी साहेबापुढं पेशी. पावसाळ्यानंतरचा महिना वाईट. डोंगर आत भिजलेला असतो आणि वरून ऊन लागतं.

गावात बाजाराच्या खाली नरसिंहाचं देऊळ आहे. फार जुनं. शंकराचार्यांच्या वेळचं म्हणतात. पायऱ्या उतरून गेलं की आवारात दगडी तोंडातून पाण्याची धार पडते. आत मूर्ती लहान, काळी, बसलेली. तिचं डावं मनगट बारीक आहे. लोक म्हणतात ते दरवर्षी आणखी बारीक होतं, आणि ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी दोन डोंगर एकमेकांना भिडतील आणि बद्रीनाथाचा रस्ता बंद होईल. आम्हा ड्रायव्हर लोकांना ही गोष्ट फार आवडायची. हवालदार फॉल-इनला विचारायचा, "आज कलाई देखी किसीने? है ना? तो चलो, रोड खुला है।"

गाडी वर न्यायच्या आधी बहुतेक ड्रायव्हर देवळात जायचे. बनाजी पायऱ्यांपर्यंत यायचा, आत नाही. चामडं आत चालत नाही, म्हणून सगळ्यांचे बूट आणि पट्टे तो सांभाळायचा. पायरीवर बसून विडी ओढायचा. कोणी विचारलं अंदर क्यूं नहीं जाता, तर सांगायचा, "जूता चोरी होता है।" प्लाटूनमध्ये सगळे त्याला हिंदूच समजत. भरतीच्या वेळी कारकुनानं नाव ऐकलं, गाव ऐकलं आणि न विचारता शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या कागदावर, हिंदू मराठा लिहिलं. बनाजीनं ते पाहिलं होतं.

मी एकदा म्हटलं, "बोलला का नाय?"

"मागं चाळीस माणसं लायनीत, नागडी उभी मेडिकलला. मी कारकुनाला बेने इस्रायल म्हणजे काय ते सांगत बसू? गारठून मेली असती ती."

शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो हात धुवायचा, टोपी घालायचा आणि गाडीच्या केबिनमध्ये दार लावून पुटपुटायचा. "शेमा इस्राएल" एवढे दोन शब्द मला यायला लागले होते. पुढचं येत नव्हतं. एकदा तो म्हणाला होता की खरी प्रार्थना करायला दहा माणसं लागतात, एकट्याची अर्धीच. हे माझ्या डोक्यात राहिलं ते बरं झालं.

त्या दिवशी शुक्रवारच होता.

माझ्याकडे एक नारळ होता. ओव्याच्या आमच्या दाराच्या माडाचा. सुटीवरून आलेल्या एका जवानाबरोबर पारूनं पाठवला होता. आमचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं असतानाच वारलं होतं. ती दुसऱ्यांदा दिवसांत होती. गावच्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं होतं, तुमी ज्या गावात हाय तिथं मोठा नरसिंह हाय असं ऐकलं, त्याला हा फोडा, पुजाऱ्याकडून नाव घेऊन फोडा, नुसता आपटून येऊ नका. मला देवाचं फारसं नव्हतं. पण बाईनं डोंगरापर्यंत नारळ पाठवला म्हटल्यावर फोडायलाच पाहिजे.

बनाजीनं वाटेत नारळ हातात घेऊन हलवला. "पाणी भरपूर हाय. आधी मला दे थोडं खोबरं. एकदा देवाला दाखवलंस का मला चालत नाय."

"देवाच्या आधी तुला?"

"मग तुझ्या देवाला सांग, पनवेलकर हाय, वळखीतला हाय."

सातला देवळात पोचलो. पुजारी म्हातारा, काटक माणूस. मूर्तीला स्नान चाललं होतं. ते झाल्याशिवाय नारळ घेणार नाही म्हणाला. मी थांबलो. सव्वासात झाले, साडेसात झाले. स्नान संपेना. तिथल्या लोकांना ओल्या नारळाची सवय नाही, तिकडं सुका गोळा वाहतात. पुजाऱ्यानं माझा नारळ दोनदा फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. मी बाहेर येऊन बनाजीला सांगितलं, चल, राहू दे, उद्या बघू.

इथं गाड्यांचा क्रम सांगायला हवा. पाच थ्री-टनर. माझी गाडी दोन नंबरला. बनाजीची पाच नंबरला, शेवटची, तिच्यात वायरलेस सेट घेऊन आमचा उस्ताद, म्हणजे हवालदार, बसायचा. दुसरा सेट एक नंबरच्या गाडीत. एकेक गाडी दोन मिनिटांच्या अंतरानं गेटातून सोडायचे. म्हणजे दोन नंबरची आठ वाजून दोन मिनिटांनी, पाच नंबरची आठ वाजून आठ मिनिटांनी.

बनाजी पायरीवरून उठला. म्हणाला, "तुझी मी नेतो. तू माझी घे. तुला सहा मिनटं जास्त मिळतील. नारळ फोड आणि पळत ये."

"उस्ताद बोंबलंल."

"बोंबलू दे. पारूला काय सांगशील? गेट होता म्हणून नारळ परत आणला?"

त्यानं माझे बूट पायरीवर नीट जोडीनं ठेवले आणि गेला. सात पस्तीसला.

पुजाऱ्यानं पावणेआठला नारळ घेतला. बायकोचं नाव विचारलं, गाव विचारलं. ओवे हे नाव त्यानं तीनदा विचारून घेतलं. मग मंत्र म्हणून बाहेरच्या दगडावर नारळ फोडायला दिला. एका घावात फुटला. मी कपाळ टेकलं, बूट चढवले आणि नाडी न बांधता पळत सुटलो. पाच नंबरच्या गाडीत चढलो तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. "तळोजकर किधर?"

"दो नंबर में, उस्ताद।"

"शाम को दोनों मेरे पास आना। बेल्ट पहन के।"

गाडी सुटली. तासभर काही झालं नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी एका वळणाच्या पुढं मोठा आवाज झाला. ब्लास्टिंगचा आवाज वेगळा असतो, तो थांबतो. हा थांबला नाही, घसरत राहिला. मग धूळ वर आली. हवालदारानं सेट घेतला.

"फाइव्ह फॉर वन. पोझिशन बताओ। ओव्हर।"

"वन फॉर फाइव्ह. मैं आगे निकल गया हूँ। पीछे स्लाइड है। ओव्हर।"

"टू कहाँ है? ओव्हर।"

थोडा वेळ नुसती खरखर.

"टू नजर नहीं आ रहा। ओव्हर।"

आम्ही फावडी घेऊन पळालो. गाडी दरीत गेली नव्हती. डोंगराकडच्या बाजूला दाबली गेली होती. केबिनवर दगड होते. वरून बारीक माती येतच होती, म्हणून एक माणूस वर बघत उभा राही आणि शिट्टी वाजली की बाकीचे मागं पळत. असं चार तास. एक वाजून वीस मिनिटांनी बनाजी बाहेर काढला. तो लगेचच गेला असावा. हात स्टिअरिंगवर होते. जास्त काही लिहीत नाही.

साडेतीनला त्याला जोशीमठला आणलं. सुबेदार साहेब स्वतः कॅम्पच्या दारात उभे होते. पहाडी माणूस, वय झालेलं, आम्हाला बापासारखा. त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. गावाखाली दोन नद्यांचा संगम आहे, विष्णुप्रयाग. तिथं लाकडं पोचली होती. देवळातल्या त्याच म्हाताऱ्या पुजाऱ्याला विधीसाठी बोलावलं होतं. तो तुपाचं भांडं आणि दर्भ घेऊन आला होता. सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायचा होता. सुबेदार साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू उसके गाँव का है। आग तू देगा।"

मी होय म्हणालो. खरंच म्हणालो. हुकमाला होय म्हणायची सवय. चौघांनी स्ट्रेचर उचललं. दहा पावलं गेलो आणि मला बनाजीच्या बापाचं मरण आठवलं. भरतीच्या आधीचं. मी पारूबरोबर पनवेलला त्यांच्या दारात गेलो होतो. पारू त्या आळीत मासळी विकायची. कोणत्या घराला कोणता मासा चालतो हे तिला पाठ. खवलं असलेला चालतो, कोलंबी-चिंबोरी नाही. तिला त्यांच्या मयताचीही रीत ठाऊक होती. तिनंच मला बाजूला उभं करून हळू सांगितलं होतं, "ही मानसं जालत नाय. न्हाऊ घालतात, पांढरं कापड गुंडालतात, मातीत ठेवतात. यांच्यात जालनं म्हंजे फार वाईट."

मी थांबलो. स्ट्रेचर खाली ठेवलं.

"साब, इसको जलाना नहीं है।"

"क्या बोल रहा है?"

"दफन करना है, साब।"

सुबेदार साहेबांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्यांनी शीट रोल मागवला. त्यावर हिंदू मराठा. मला वाचून दाखवलं.

"वो गलत लिखा है, साब। ये लोग पनवेल में अपनी मशीद में जाते हैं।" आमच्याकडे त्यांच्या देवळाला ते स्वतःच मशीद म्हणतात, माझ्या तोंडून तेच निघालं.

"मशीद? मुसलमान है?"

"नहीं, साब।"

"ईसाई?"

"नहीं, साब।"

"तो है क्या?"

मला शब्द सापडेना. हिंदीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "शनिवारवाला, साब।"

मागं कोणी तरी हसलं. सुबेदार साहेब चिडले नाहीत, ते वाईट वाटून बोलले. "बेटा, लोग बुढ़ापे में पैदल चलके आते हैं इस संगम पे मरने के लिए। तेरे दोस्त को मिल रहा है और तू मना करता है?"

मला स्वतःला तिथं अग्नी मिळाला असता तर मी नशीब समजलो असतो. मी एवढंच म्हणालो, "इसकी माँ मुझको पूछेगी, साब।"

चार वाजून दहा मिनिटांनी मला कॅप्टन साहेबांपुढं उभं केलं. वयानं माझ्याहून लहान. त्यांनी दोन प्रश्न विचारले.

"तुझे पक्का मालूम है?"

"पक्का, साहब।"

"कागज कुछ और कहता है। गलत निकला तो तेरी जिम्मेदारी। दस्तखत करेगा?"

"करूँगा, साहब।"

कारकुनानं लिहिलं, मी सही केली. माझी सही तेव्हाही वाकडी, आताही वाकडी. कॅप्टन साहेबांनी शीट रोल समोर ओढला, लाल शाईनं रेघ मारली आणि मला विचारून वर बेने इस्रायल लिहिलं. मग घड्याळ पाहिलं. सूर्य मावळायला पावणेदोन तास. मी सांगितलं की आज शुक्रवार आहे, दिवस मावळला की यांचा शनिवार लागतो, मग पुरता येत नाही. ते म्हणाले, "तो यहाँ क्यों खड़ा है?"

कॅम्पच्या वर उतारावर अक्रोडाचं झाड होतं, तिथं जागा दिली. जमीन दगडी. सहाजण आळीपाळीनं खणत होते. तोवर मी बनाजीला न्हाऊ घातलं. त्यांच्यात हे त्यांच्याच माणसांनी करायचं असतं. तिथं त्यांचं माणूस नव्हतं. पाणी गरम करून घेतलं. हवालदार मदतीला आला. बनाजीच्या केसांतली माती निघायला वेळ लागला. क्वार्टर मास्टरकडून नवी पांढरी चादर आणली. डोकं कोणत्या दिशेला ठेवायचं ते मला ठाऊक नव्हतं. पारूनं ते सांगितलं नव्हतं. मी तोंड पश्चिमेला केलं. पनवेल तिकडं असावं असं वाटलं.

मग मी माणसं मोजली. दहा लागतात. दहा त्यांच्यातले लागतात की कुठलेही चालतात हे मला माहीत नव्हतं, आजही नक्की माहीत नाही. खड्ड्याभोवती मी धरून नऊ भरले. बाकीचे गेटवर आणि ड्युटीवर. मी सुबेदार साहेबांकडे पाहिलं, ते आधीच त्या नऊत उभे होते. पुजारी लांब दगडावर बसला होता. त्याचं तुपाचं भांडं तसंच होतं. मी त्याच्याकडे गेलो.

"पंडितजी, एक आदमी कम है।"

"मुझे क्या बोलना है?"

"कुछ नहीं। खड़ा रहना है।"

त्यानं भांडं खाली ठेवलं. "जाके नहा लूँगा," म्हणाला आणि येऊन उभा राहिला.

मी टोपी घातली आणि "शेमा इस्राएल" म्हणालो. पुढचं येत नव्हतं, म्हणून तेच तीनदा म्हणालो. एवढीच प्रार्थना झाली. प्रत्येकानं माती टाकली. पाच पन्नासला काम संपलं. ऊन समोरच्या शिखरावर अजून होतं.

दोन महिन्यांनी मला सुटी मिळाली. ओव्याला गेलो तेव्हा पारूला सगळं सांगितलं, गाडीची अदलाबदलही. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पनवेलला जायचं. पोटुशी होती, तरी चालत आली. बनाजीच्या आईनं दार उघडलं. तिनं मला तीनच गोष्टी विचारल्या. न्हाऊ घातलं का? पांढऱ्यात ठेवलं का? शनिवार लागायच्या आत का? मी तिन्हींना होय म्हणालो. ती खाली बसली. मग दिशेचं मी आपणहून सांगितलं. ती म्हणाली, "आमची प्रार्थना पश्चिमेलाच असते रे, दामा. बरोबर ठेवलंस."

नारळाचं मी बोलणार नव्हतो. पारू बोलली. सरळ बोलली. "म्हातारे, तुजा बनाजी माज्या नारलापायी गेला. मी धाडला नसता तर दोन नंबरला ह्योच असता."

म्हातारीनं तिच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नारळ तुझा होता गं. डोंगर काय तुझा होता?" आणि आत जाऊन तिला पाणी आणलं.

मुलगी झाली. ती जगली. आता विचुंब्याला असते, तिला नातवंडं आहेत. बनाजीची आई पुढं आपल्या धाकट्या मुलाबरोबर इस्रायलला गेली. जाईपर्यंत पारू तिच्याकडे मासळी घेऊन जात होती, खवलं पाहून निवडलेली.

एक गोष्ट राहिली, त्या शनिवारच्या सकाळची.

रस्ता रात्रीतून मोकळा केला होता. मी पाचला उठलो. बनाजीची पाच नंबरची गाडी आदल्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत आली होती, माल तसाच भरलेला. हवालदार म्हणाला, "तू आराम कर, दूसरा ले जाएगा।" मी म्हणालो, मीच नेतो. त्यानं पेशीचं काही काढलं नाही. मी पाणी पाहिलं, तेल पाहिलं, टायर ठोकून पाहिले. देवळात गेलो नाही. आठ वाजता गेट उघडलं. दरड पडली त्या जागी थांबायची मनाई होती. हिरवा झेंडा दिसला, मी लोअर गिअर टाकला आणि पुढं गेलो.

साडेदहाला डेपोत पोचलो. माल उतरवला. आटा, डाळ, रॉकेलचे डबे, एकही फुटला नव्हता. डेपोच्या कारकुनानं कागद पाहिला आणि विचारलं, "ड्रायव्हर तळोजकर?"

मी म्हणालो, "वो कल गुजर गया। माल उसका है।"

त्यानं पावती माझ्यापुढं सरकवली. ड्रायव्हरचं नाव लिहायच्या जागी मी सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं, बनाजी तळोजकर, पनवेल. कारकुनानं वाचलं आणि शिक्का मारला.